सकाळचं गिऱ्हाईक

गेमची मशीन विकून कुणी बंगला बांधत नाही, हे आधीच सांगून टाकते. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमचं छोटंसं दुकान आहे. काचेमागची चकचकीत खोकी बघितली की लोकांना वाटतं, ही बाई पैशांत लोळत असणार. मग ते माझ्या हातांकडे बघतात. हातात काचेच्या बांगड्या दिसल्या की त्यांची खात्रीच पटते, की हिने सोनं लॉकरमध्ये ठेवलंय. कुणाकुणाला समजावत बसणार? एका मशीनमागे जे सुटतं, त्यात दुकानातला पंखा महिनाभर फिरला तरी पुष्कळ.

खरी कमाई मशीनमध्ये नसतेच. ती गेमच्या सीडीत असते, जास्तीच्या कंट्रोलरमध्ये असते, जुन्या सीडी घेऊन पुन्हा विकण्यात असते. कंपनीचंही तेच. नवीन मशीन बाजारात आणताना ते बनवायला जेवढा खर्च येतो जवळजवळ तेवढ्यालाच विकतात, कधीकधी पदरमोडही करतात. एकदा मशीन तुमच्या घरात शिरलं की पुढची पाच-सात वर्षं तुम्ही गेम घेत राहणार आणि प्रत्येक गेममागे कंपनीला तिचा वाटा मिळत राहणार. हे मी एकदा माझ्या आईला नीट समजावून सांगितलं होतं. आई शाळेत गेली नाही, पण चाळीस वर्षं तिने भाजी विकली. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे भांडा सस्ता नि तांदूल म्हाग." मला अर्धा तास लागला होता.

माझं माहेर चिंचोटीच्या रस्त्यावर. खाडीच्या बाजूला भात आणि घरामागे डोंगराच्या अंगाला भाजी. पावसाळ्यात काकडीचे मांडव. लोक धबधबा बघायला येतात, त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे मांडव तिथे आहेत, पण लोक यायला लागले तशी आईने रविवारी टोपली रस्त्यावर मांडायला सुरुवात केली. सकाळी काकडी नुकतीच तोडलेली, अंगावर लव असलेली, त्यामुळे भाव चढा. दुपार कलली की काकडी मऊ पडायला लागते आणि भावही खाली येतो. यात नवीन काही नाही, भाजीवाल्या सगळीकडे हेच करतात. पण बाजारात सकाळचं गिऱ्हाईक संध्याकाळी आपल्या घरी असतं. आमच्या रस्त्यावर तसं नव्हतं. सकाळी जे लोक वर जायचे, तेच संध्याकाळी ओलेचिंब, दमलेले, त्याच वाटेने खाली यायचे, आणि सकाळी आपण घेतली तीच काकडी निम्म्या भावात चाललेली त्यांच्या डोळ्यांना दिसायची.

म्हणून आईचा एक नियम होता. भाव उतरवला की सकाळचं गिऱ्हाईक ओळखायचं आणि त्याने काही म्हणायच्या आधी त्याच्या हातात एक काकडी ठेवायची. चिरून, तिखट-मीठ लावून. ओळख ठेवण्याचं काम आम्हा भावंडांचं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी कपड्यांवरून लक्षात ठेवायची आणि लोक धबधब्यात भिजून कपडे बदलून यायचे, की माझी पंचाईत. दादा चालण्यावरून ओळखायचा. एकदा त्यानेही चूक केली, ज्याने सकाळी काही घेतलंच नव्हतं अशा माणसाला काकडी दिली. मी लगेच चुगली केली. आई म्हणाली, "आसूंदे. आता त्याला लाज वाटंल, पुडच्या टायमाला घेल." आणि तो माणूस खरोखरच पुढच्या रविवारी आला. आईच्या धंद्याला मी तेव्हा हसायची. आता मी धंदा करते आणि कुणी हसावं असं काही मी करत नाही.

दादाला गेमचं वेड लहानपणापासूनच. काकडीचा एक हंगाम चांगला गेला तेव्हा आईने वसईच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला होता, वायरचे दोन कंट्रोलर असलेला. त्यातल्या एकाचं बटण अडकायचं. तो कंट्रोलर दादा घ्यायचा, नेहमी. मी जिंकायची आणि गावभर सांगत सुटायची. लग्न होऊन दोन वर्षं झाल्यावर एका दुपारी भाकऱ्या थापताथापता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी कधी जिंकलेच नव्हते. तेव्हा मी पीठ लागलेल्या हातांनीच त्याला फोन केला. तो म्हणाला, "बटन आरकायचा गो, मी काय करनार?" आणि हसत सुटला.

मी लग्न करून शहरात आले, दादा शेतीत राहिला. शहर म्हणजे काय, रिक्षाने पाऊण तास. पण त्या पाऊण तासात माझी भाषा बदलली. दुकानात मी मुंबईची मराठी बोलते, समोरचा हिंदी बोलला तर हिंदी, मुलं आली तर अर्धी इंग्रजी. आईशी आणि दादाशी मात्र घरचीच बोली, 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' करणारी. ती बोलताना माझा आवाजही बदलतो असं नवरा म्हणतो. वर चढतो म्हणे, भांडल्यासारखा.

तर काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मोठ्या कंपनीचं नवं मशीन बाजारात आलं. कंपनीचं नाव काढत नाही, तिचं काही चुकलं असं मला म्हणायचंच नाही. भाव मात्र असा होता, की ऐकून मी कानाला हात लावला. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीचं मशीन त्याहून बरंच स्वस्तात आलेलं. तरीही मी मुंबईच्या होलसेलवाल्याकडून सहा खोकी उचलली. सुरुवातीचा भाव चढाच असतो. ज्यांना धीर नसतो ते कितीही देऊन घेतात. मग वर्ष-दीड वर्षाने आतले भाग बनवणं स्वस्त होतं, कंपनी भाव उतरवते आणि बाकीची दुनिया घेते. हंगामाची पहिली वांगी आणि शेवटची वांगी, एवढाच फरक. निदान तेव्हा तरी असंच चालायचं. आता उलटं झालंय, मशीन जुनं होतं तसा भाव चढतो, आणि माझ्यासारखी जुनी माणसं गिऱ्हाइकाला "थांबा, उतरेल" असं सांगून तोंडघशी पडतात.

पहिल्या आठवड्यात तीन खोकी गेली. धीर नसलेली माणसं आमच्या भागात तेवढीच होती. त्यानंतर लोक यायचे, काचेला बोट लावून भाव विचारायचे, बोटाचा ठसा ठेवून जायचे. मी ठसे पुसायची.

दोन महिने झाले नाहीत तोच एका सोमवारी होलसेलवाल्याचा फोन आला. "ताई, तुमच्याकडे माल किती पडलाय? काढून टाका. शनिवारी भाव उतरतोय. चांगला सात हजारांनी. कुणाला बोलू नका." इतक्या लवकर भाव उतरवणं म्हणजे सगळं ठरवल्यासारखं झालेलं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मशीन कमी घरांत गेलं तर गेम बनवणारे त्या मशीनसाठी गेम बनवत नाहीत. गेम नाहीत म्हणून लोक मशीन घेत नाहीत. ही गाठ सोडवायची तर कंपनीपुढे एकच उपाय, भाव पाडायचा. कंपनीच्या जागी मी असते तर मीही पाडला असता. मोठ्या दुकानांना कंपनी पडून असलेल्या मालाचा फरक भरून देते. आमच्यासारखी दुकानं चौथ्या हाताने माल घेतात, आमचं नाव कंपनीच्या गावीही नसतं. आम्हाला फक्त फोन येतो, आणि तोही होलसेलवाल्याची मेहेरबानी म्हणून.

माझ्याकडे तीन खोकी होती. बुधवारी आमच्याच कॉलनीतले एक गृहस्थ आले, मुलीला दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मशीन घ्यायला. शांत, सभ्य माणूस. मी त्यांना दिलं. शनिवारचा भाव पोटात ठेवून पुऱ्या भावाचं बिल फाडलं. राहिली दोन.

गुरुवारी मी दादाला फोन केला.

का केला, याचा मी खूपदा विचार केलाय. सात हजारांचा खड्डा दोनदा पडणार होता आणि तो मला परवडणारा नव्हता, हे एक. मी दुकान काढताना नवऱ्याने "गेमबिम चालणार नाही" असं सांगितलं होतं, आणि त्याचं खरं झालेलं मला चाललं नसतं, हे दुसरं. पण खरं कारण एवढंच, की दादा नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. परक्या माणसाला फसवायला दार ठोठावावं लागतं. आपल्या माणसाचं दार उघडंच असतं.

"दादा, ते नवीन मशीन अजून आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "तुला हवं होतं ना? दोनच राहिलीत. बघायला तरी ये ना."

त्याने आधी मी जेवले का ते विचारलं. मग म्हणाला, "येतंय उद्या."

शुक्रवारी दुपारी तो मोटारसायकलवरून आला. पिशवीत काकड्या, दोन पडवळं आणि आईने दिलेलं वालाचं बिरडं. आमच्याकडे एक रीत आहे. घरच्या माणसाच्या दुकानातून काही घेताना भाव करायचा नाही, आणि घरच्या माणसाला देताना मापावर थोडं वर घालायचं. घेणाऱ्याने हात आखडायचा नाही, देणाऱ्यानेही नाही. या रितीने आमच्या गावात कित्येक नाती टिकली आहेत आणि एकदोन दुकानं बुडाली आहेत. दादाने रीत पाळली. भावाचं एक अक्षर काढलं नाही. रबर लावलेल्या नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. त्यांना मातीचा वास येत होता. मी त्या मोजल्या नाहीत, एवढी लाज उरली होती.

तो फळीवरच्या दोन खोक्यांकडे बघत उभा राहिला.

"दोनच रायलीत?"

"हो, संपत आली," मी म्हणाले. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "भाव काय आता वर्षभर तरी उतरत नाही. घेऊन टाक."

दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नवीन मशीन मिळतंय म्हणून तो खूश आहे. म्हणाला, "दे मंग."

मी वर म्हणून एक जुनी सीडी घातली, शेतीच्या खेळाची. त्यात ट्रॅक्टर चालवायचा असतो, पेरणी, कापणी, सगळं. विकायला ठेवली तर तीही पडूनच राहिली असती. तो गेला आणि मी दुपारचा डबा उघडलाच नाही.

शनिवारी सकाळी भाव उतरला. सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी बातमी आली. सात हजार. आमच्या माहेरी सात हजारांत मांडवाचे बांबू येतात, दोरी येते, बियाणं येतं आणि मजुरीला चार दिवस माणूस येतो.

त्या दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला आलेली आई दुकानात बसली होती. अकराच्या सुमाराला कॉलनीतले ते गृहस्थ आले. ओरडले असते तर मीही ओरडले असते, मला ते जमतं. ते ओरडले नाहीत. बिल काउंटरवर ठेवून एवढंच विचारलं, "भाभी, आपको पता था क्या?"

मी म्हणाले, "नहीं. भाव कंपनी ठरवती है."

त्यांनी बिलाची घडी करून खिशात ठेवली आणि गेले. आई गुडघ्यावर हात फिरवत होती. म्हणाली, "यो सकालचा गिऱ्हाईक व्हता ना?"

"आय, ही काय काकरी नाय," मी चिडून म्हणाले. "याचा भाव मी नाय ठरवत. कंपनी ठरवतं."

"मंग काकरीचा भाव मी कुठं ठरवत व्हते? दिस कलला का आपोआप उतरं त्यो." तिचा हात गुडघ्यावरच होता. "पन काकरी मी देत व्हते."

एवढं बोलून तिने पाय लांब केले आणि माझा नवरा कधी येणार ते विचारलं. आई भांडत नाही, हेच तिचं वाईट आहे.

मी त्याच दुपारी ज्यांनी ज्यांनी मशीन घेतलं होतं त्यांना फोन केले. पैसे परत देणं माझ्या आवाक्याबाहेर होतं. या, आणि दुकानातली कुठलीही एक सीडी घेऊन जा, म्हणाले. एकाला वाटलं काहीतरी गंडवागंडवी आहे, तो आलाच नाही. कॉलनीतल्या गृहस्थांकडे मी स्वतः गेले, एक जास्तीचा कंट्रोलर घेऊन. दारातच सांगितलं, मला माहीत होतं. त्यांनी कंट्रोलर घेतला, पाणी विचारलं नाही. महिन्याभराने मात्र त्यांची मुलगी सीडी बदलायला आली आणि त्यानंतर येतच राहिली. नंतर कंपनीनेही आधीच्या गिऱ्हाइकांना काही जुने गेम फुकट दिले, म्हणजे काकडी द्यायची असते हे मोठ्यांनाही ठाऊक असतं. राहिलेलं एक खोकं मी उतरलेल्या भावात विकलं आणि खड्डा सोसला. मेले नाही.

दादाला मात्र मी फोन केला नाही. सहा मैलांवरचा माणूस, आणि माझा हात फोनपर्यंत जाईना. त्याचाही आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. एरवी तो दोन दिवसांआड फोन करून "काय गो, जेवलीस?" एवढं विचारून ठेवायचा. शेवटी मी घरी फोन केला, तो वहिनीने घेतला. "ते शेतान हाईत," ती म्हणाली. बस. वहिनी नेहमीच कमी बोलते, पण त्या दिवशी मला त्या तीन शब्दांत सगळं ऐकू आलं. तिने पैसे मोजले असणार, तिने त्याला ऐकवलं असणार, तुमची लाडकी बहीण म्हणून. चोराच्या मनात चांदणं. आईने शनिवारचं स्वतः बघितलं होतं, शुक्रवारचं मी तिला सांगितलं नव्हतं. दादाने माझ्याकडूनच मशीन घेतलं हे तिला माहीत होतं आणि तिने त्यावर काही विचारलं नव्हतं. तेही मला खायला लागलं.

मला भीती एकाच गोष्टीची होती. पैशांची नाही. माझं माहेर म्हणजे आई नव्हे, घर नव्हे, तो रस्ता नव्हे. माझं माहेर म्हणजे दादा. त्याने माझ्याशी तोडलं असतं, तर भाजीची पिशवी घेऊन येणारं, जेवलीस का विचारणारं माझं कुणी उरलं नसतं. लग्न झालेल्या बाईला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी सात हजार रुपये पाकिटात घातले, दुकान नवऱ्यावर सोडलं आणि रिक्षा केली.

धबधब्यावर जायला बंदी असल्याची पाटी लागली होती आणि पाटीखालून लोक वर चालले होते. आई बसायची त्याच वळणावर दादा ताडपत्री बांधून बसला होता. आईच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून रविवारची टोपली तोच घेऊन बसतो. मला बघून त्याने एक क्रेट उलटा करून पुढे सरकवला. "बस." मी बसले.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, ते मी तासभर केलं. आईच्या गुडघ्याचं विचारलं. वहिनीच्या माहेरचं विचारलं. तण काढून बेणणी झाली का, खत मिळालं का, मांडवावर कीड आहे का, सगळं विचारलं. दादा काकडी चिरत होता, मीठ लावत होता, पैसे घेऊन डब्यात टाकत होता. मध्येच म्हणाला, "तुज्या त्या गेमान मी बारा एकर नांगरल्यान."

"बारा?"

"आपलं दीर एकर. त्यालाबी टॅक्टर भारन्याचा. टीवीत सोताचा हाय, नवा कोरा. आय बोलतं, टीवीतला भात कवा आननार घरान?" तो हसला. मला हसता आलं नाही. त्याने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की टोचावं म्हणून, ते कळेना, आणि दादाच्या बोलण्याचा असा अर्थ लावत बसायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

चारच्या सुमाराला त्याने भाव उतरवला. पाठोपाठ वरून चारपाच मुलींचा घोळका खाली आला, केसांतून पाणी गळतंय, चपला हातात. दादाने नुसतं बघितलं आणि चिरलेल्या काकड्या पुढे केल्या. "घ्या. सकाली नेल्याव ना तुम्ही." मुली एकमेकींकडे बघून हसल्या, "थँक यू काका" म्हणाल्या आणि खात खात गेल्या. त्याने कुणाला दाखवायला म्हणून हे केलं नव्हतं. मी तिथे आहे हेही तो क्षणभर विसरला असावा.

माझ्याने राहवलं नाही.

"दादा, मना ठाव व्हता," मी म्हणाले. "भाव उतरनार हाय ते. सोमवारीच फोन आलता. मना ठाव असून मी तुला बोलावला. तुज्याकरना पुरं पैसं घेतलं. नि वरतून खोटा बोलले." मी पाकीट काढून पुढे केलं.

दादाने सुरी खाली ठेवली नाही. हातातली काकडी पुरी चिरली.

"मना पन ठाव व्हता," तो म्हणाला.

"काय ठाव व्हता?"

"भाव परनार ते."

"कोनी सांगितला?"

"तूच." त्याने आता सुरी ठेवली. "फोनवं तू माज्याशी दुकानातली भाषा बोललीस. उभ्या जल्मान कदी बोलली नव्हतीस. मी मनान बोललो, हिचा माल आरकला. नि मंग दुकानान बोलतेस, भाव उतरनार नाय. मी इचारला व्हता काय भावाचा? ज्याचा भाव टिकनार असतं, त्यो भावाचा बोलतच नाय. येवरा काय आयनं आपल्याला शिकवला नाय?"

तीन आठवडे मी त्याचा राग वहिनीच्या तीन शब्दांत शोधत होते, आणि हा माणूस शुक्रवारी "दे मंग" म्हणाला तेव्हाच सगळं जाणून होता. पैसे जास्त जाणार हे माहीत असताना.

"मंग घेतलास कशाला?"

"तुज्या फलीवं सुकला असता," तो म्हणाला, यात विचारण्यासारखं काय आहे अशा सुरात.

मी रडले. रस्त्यावर, माणसांची ये-जा चालू असताना, त्या क्रेटवर बसून. कुणी बघतंय का वगैरे काही वाटलं नाही. दादाने पंच्याला हात पुसले, माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं, माझ्या पर्समध्ये परत ठेवलं आणि पर्सची चेन लावली. चेन अडकते माझ्या पर्सची, त्याने ती दोनदा मागे-पुढे करून लावली. "भात लावनीची घाई व्हती, नंतर बेननी, म्हनून फोन नाय केला," तो म्हणाला. मी मान हलवली. लावणी केव्हाच संपली होती आणि बेणणीत फोनपुरता वेळ निघतो, हे शेतकऱ्याच्या पोरीला कळतं.

बराच वेळ तो टोपलीतल्या काकड्या उगाचच वर-खाली करत राहिला. मऊ पडलेल्या एका बाजूला, बऱ्या होत्या त्या दुसऱ्या बाजूला.

"येक सांगू?" तो म्हणाला. "राग नको मानू."

"सांग."

"फलीवं दोन खोकी व्हती. तू मना खरा सांगितला असतास ना बाय, त दोनी नेली असती."

माझ्याकडे न बघता तो बोलला. वरून दोन माणसं खाली येत होती, त्यांनी वाकून काकडीचा भाव विचारला. दादाने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्याच्याने बोलवेना, म्हणून भाव मी सांगितला.